खिडकीजवळची जागा

कागदावर 'वय' हा शब्द कुठेच नव्हता.
तो चुकूनही येऊ नये म्हणून
वकिलांनी दोनदा वाचला होता कागद.
मला दिलेले शब्द वेगळे होते:
लवचीकपणा, उमेद, पुढचा टप्पा.
मी एकतीस वर्षांची. पाठ करायला
एक दुपार पुरली.

नावांच्या यादीत जन्मसालाचा रकाना लपवलेला,
पण यादी लावलेली त्याच्यावरूनच.
मी एकदा उघडून पाहिला:
कुरामोची सेत्सुओ, शोवा बेचाळीस.
माझ्या बाबांहून एका वर्षानं मोठे.

ते सात मिनिटं आधी आले.
जुलैत आम्हीच हलवलं होतं त्यांचं टेबल,
फोनपासून दूर, प्रिंटरपासून दूर, माणसांपासून तर फारच,
खिडकीशी.
लहानपणी बसमध्ये हीच जागा मिळावी म्हणून
मी भावाला चिमटे काढायचे.
तिथून कंपनीची पाण्याची टाकी दिसते,
योदो नदीचा एक तुकडा दिसतो,
आणि चारनंतर इतकं ऊन येतं
की कॉम्प्युटरचा पडदा दिसत नाही.
दिसला तरी त्यावर काही नसतं.

चौथा प्रश्न: सध्या रोज काय काम करता?
"बगळे मोजतो," म्हणाले.
मग माझं अडलेलं पेन पाहून
मलाच सोडवायला,
"लिहा, बाजारपेठेचं निरीक्षण."
मी लिहिलं.

चौतीस वर्षं. त्यातली नऊ एका बिजागरीत.
भाताच्या कुकरचं झाकण:
बटण दाबल्यावर ते फाडकन उघडू नये,
आधी बोटभर उचलावं,
थांबावं एक श्वास,
वाफेला निघून जाऊ द्यावं तोंड भाजण्याआधी,
आणि मग सावकाश मागे व्हावं,
गुडघ्यावर हात ठेवून कुणी उठतं तसं.
त्या एका श्वासासाठी
किती स्प्रिंगा नापास केल्या त्यांनी,
फाइलमध्ये नव्हतं.
फाइलमध्ये होतं: नव्या प्रणालीचं प्रशिक्षण, अपूर्ण.
त्या प्रशिक्षणाला त्यांना बोलावलंच नव्हतं.
कुणाला बोलवायचं, त्या यादीखाली
सही माझी आहे.

मी कागद त्यांच्याकडे वळवला. पेनाचं टोपणही काढून ठेवलं.
त्यांनी विचारलं,
"तुमच्या घरी कुठला कुकर?"
आपलाच, म्हटलं. जुना. कर्मचारी सवलतीतला.
"झाकण थांबतं का अजून?"
ह्या प्रश्नाचं उत्तर मला दिलेलं नव्हतं,
म्हणून खरं सांगितलं. थांबतं.
"मग मीही थांबतो," म्हणाले,
वाकून नमस्कार केला, टोपण पेनाला परत लावलं,
आणि गेले, खिडकीकडे.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, काय ठरलं?
मी सांगितलं, थांबतो म्हणाले.
साहेबांचा चेहरा खुलला.
"छान. सहाव्या भेटीत का होईना. निरोपाची फुलं सांगून ठेवा."
मी तोंड उघडलं.
बोटभर.
आणि तेवढ्यात लिफ्ट आली, साहेब गेले.

रात्री स्वयंपाकघरात उभी राहिले
कोट न काढता.
बटण दाबलं.
झाकण उचललं, थांबलं.
इतकी वर्षं मला वाटायचं
कुकर जुना झालाय, अडकतो.

सकाळी तिसऱ्या मजल्यावर फुलं आली,
पिवळी, माझ्याच सहीनं.
कुरामोचींनी कुणाला काही विचारलं नाही.
चहाच्या कपात पाणी आणलं, देठ तिरके कापले,
आणि फुलं ठेवली टेबलावर
अशा कोपऱ्यात
की मधून नदी दिसत राहील.
मग वहीत तारीख टाकली.
त्या दिवशी अकरा होते.
मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.
साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही.